हनुवटीनं दाखवलेलं घरटं

घरट्याकडे बोट दाखवलं की पिल्लं जगत नाहीत, असं सोनजीच्या पाड्यावर मानतात. म्हणून काल त्यानं नाचण पक्ष्याचं घरटं साहेबांना हनुवटीनंच दाखवलं. "कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेली वाटी दिसली, की नाचणच समजा." फोटो काढणाऱ्या साहेबांना तीन वर्षांत त्यानं कितीतरी घरटी ओळखायला शिकवली होती.

आज घरट्याभोवतीच्या फांद्या कात्रीनं छाटलेल्या दिसल्या. उघड्या उन्हात तिन्ही पिल्लं वाटीतच मरून पडली होती.

"पानं मध्ये येत होती हो," साहेबांनी कॅमेरा पुढे केला. "पण उजेड बघा काका, काय सुंदर पडलाय! आता पुढचं घरटं कुठे?"

फोटोत तीन चोची उघड्या होत्या.

रानात आजवर कधी न उचललेलं बोट सोनजीनं उचललं आणि साहेबांवर रोखलं.