बिनविषाचं वावर

निंबाने सोयाबीनचं पान उलटलं. खाली सात अळ्या होत्या. हेच झाड त्याने काल साफ केलं होतं.

"निंबाभाऊ, तुना पाखरे रजावर गयात का?" रस्त्याने जाणारा वना हसत ओरडला.

निंबा पुढच्या झाडाकडे वळला. भडगावच्या त्या शिवारात सोयाबीन पेरणारे त्या साली दोघंच, तो आणि शेजारच्या वावराच्या मालकीण सज्जनबाई. आदल्या वर्षी फवारलेल्या कपाशीच्या बांधावरचं गवत खाऊन निंबाचा बैल तडफडून मेला होता. तेव्हापासून वावरात औषध आणायचं नाही, असं त्याने ठरवलं. शेतकी साहेबांनी पाठ थोपटली. पाखरांना बसायला फांद्या रोवा, अळ्या खाणारे किडे जपा, दम धरा, म्हणाले. निंबाने सगळं केलं. पाखरं येत, पोटभर खात, आणि सकाळी अळ्या पुन्हा तेवढ्याच.

सज्जनबाईही फवारत नसत. जीवहत्या त्यांच्या धर्मात बसत नव्हती. चार बाया लावून त्या अळ्या वेचून घेत, पाला घातलेल्या डब्यात ठेवत. संध्याकाळी सगळे घरी गेले की डबा स्वतः घेऊन जात. बायांवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांचं वावर मात्र हिरवंगार होतं. निंबाला हेवा वाटे, आणि हेव्याची लाजही.

"काकीजी, मनं काय चुकनं?" त्याने एकदा विचारलं. सगळ्या अळ्या आपल्याच वावरात कशा, हे त्याला उमगत नव्हतं. "बठ्ठ्या अळ्या मनाच वावरमां शेतस."

"पुण्य वाया जात नाही, निंबाभाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखा दयाळू माणूस या गावात नाही."

ऐन फुलोऱ्यात पानांची चाळण झाली, तेव्हा निंबाची बायको कमलबाई रडायलाच बसली.

"बैल गया, आते पीक बी जाई. पोरेसले काय खावाडू?"

त्याच दुपारी निंबाने वनाचा पंप मागून आणला आणि अख्खं एकर फवारून काढलं.

सकाळी अळ्या मेल्या होत्या. अळ्या खाणारे किडेही मेले होते. फांदीखाली दोन साळुंक्या पडल्या होत्या. त्याने त्या पुरल्या. बैलासाठी रडला नव्हता, तेवढा तो तिथे बसून रडला.

तेवढ्यात सज्जनबाई बांधावर आल्या. मेलेल्या अळ्यांचा सडा पाहून त्यांचेही डोळे भरले.

"हे काय केलंत, निंबाभाऊ?" त्या म्हणाल्या. "अख्ख्या शिवारात तुमचं एकच वावर बिनविषाचं, म्हणून तर मी रोज त्या जिवांना तुमच्याकडे आणून सोडत होते."