सोवळ्यातला ग्रंथ

"आधी हात धुऊन या," मी त्या जर्मन बाईला फर्मावलं. चार वर्षं मराठी शिकली आणि निघाली आमची भक्ती समजून घ्यायला! कानावर पेन्सिल खोचून मांडी घालायला गेली, तर गुडघे जमिनीला टेकेनात.

मी सोवळं नेसून देवघरातला ग्रंथ आणला. आजोबांनी छापखान्यातून आणल्यापासून त्याची रोज पूजा होते. गंध, फूल, तुळस. लाल वस्त्राची गाठ सोडता सोडता मी तिला सुनावलं, "नुसती भाषा येऊन हे वाचता येत नाही, बाई. मी तीस वर्षं देवळात यावरच प्रवचन करतो. आमच्या तीन पिढ्या याच प्रतीवर पोसल्या."

तिनं वाकून नमस्कार केला. तोही कुठल्याशा पुस्तकातून शिकलेली असणार! मग तिनं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटायला गेली आणि थांबली. कडेवरून बोट फिरवलं. छापखान्यातून आली तशी पुढची सगळी पानं कडेला जोडलेलीच होती. कुणी कधी कापलीच नव्हती.

"काका," ती अगदी आदरानं म्हणाली, "सुरी मिळेल?"