शिडाच्या दोन बाजू

शिडाच्या अलीकडे

म्हाताऱ्यानं सुई शिडात खुपसली आणि तळहातावरच्या चामड्याच्या पट्ट्यानं रेटली. सुई कापडाआड गेली. तो थांबला.

छपराखाली आडव्या दोरावर शीड टाकलं होतं, पार जमिनीपर्यंत. या बाजूला तो, त्या बाजूला लेक. एवढं जाड कापड एकट्यानं शिवता येत नाही. एकानं सुई द्यायची, दुसऱ्यानं ओढून घेऊन परत द्यायची. मागे ठोकळ्यांवर होडी उभी होती. तळाचा रंग अजून बोटाला लागत होता. उद्या ती पाण्यात जाणार होती आणि सुकाणू लेकीच्या हातात असणार होतं.

"सुई पाठवली होती," तो म्हणाला. "पोचली का?"

शिडाच्या पलीकडे

पोचली होती. लेकीनं ती ओढून घेतली, पण परत दिली नाही.

तिच्यासमोर जुनी शिवण होती. इथे आई बसायची. आई गेल्यापासून शीड गुंडाळूनच पडलं होतं. ही बाजू लेक आज पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होती. कापड शाबूत होतं; दोरा मात्र उन्हानं खाल्लेला, बोट लावलं की तुटणारा. जुना टाका उसवायचा, मग नवा घ्यायचा. उसवायचं काम पलीकडच्या माणसाचं.

शिवणीच्या घडीत नखाला काहीतरी अडलं. बारीक गाठ. वीतभर पुढे आणखी एक. त्याच्यापुढे आणखी. बाबांचा टाका जिथे जिथे सैल पडला होता, तिथे तिथे तो आवळून बांधून टाकलेला, आणि गाठ घडीत दडवलेली. बाबांच्या बाजूनं काहीच दिसलं नसतं.

शिडाच्या अलीकडे

"झोपलीस की काय?"

"नाही हो, बाबा."

"तुझी आई अशीच. सुई गेली की गेली. मी आपला इकडे हात चोळत बसलेला. ओरडलो की म्हणायची, गुंता झालाय. जन्मभर गुंता! अगं, दोरा मी मेण लावून द्यायचो, गुळगुळीत. गुंतेल कसा?"

त्यानं शिडावर थाप मारली.

"पण टाका बघ माझा. किती वादळं झेलली या शिडानं! शिवण कधी उसवली? एकदा तरी? ती काय, नुसती सुई परत द्यायची."

शिडाच्या पलीकडे

"बाबा, जरा इकडे या. तुम्हाला एक दाखवते."

"काय?"

तेवढ्यात तिच्या डोळ्यांसमोर कापडाला फुगवटा आला. म्हाताऱ्याचा तळवा. सुई कुठून येईल ते त्याला हल्ली नीट दिसत नसे, म्हणून तो कापडाला हात लावून वाट बघत होता. पाचही बोटं दिसत होती. सुईची जागा चाचपत होती.

तिनं त्याचा आत्ताचा टाका ओढून पाहिला. सैल होता.

"अगं, काय दाखवतेस?"

"काही नाही. बसा तुम्ही."

तिनं दोरा टाक्याखालून काढला आणि

शिडाच्या अलीकडे

सुई येईना. म्हाताऱ्यानं कान दिला. कापडाला पलीकडून बारीकसा हिसका बसला. मग आणखी एक. हा हिसका त्याच्या हाताच्या ओळखीचा होता.

"गुंता झाला वाटतं?"

"हो."

त्यानं ओरडायला श्वास घेतला. तो तसाच सोडला. हात मात्र कापडावरून काढला नाही.

"होऊ दे," तो शिडाला म्हणाला. "सोडव सावकाश. मी आहे इथं."

शिडाच्या पलीकडे

लेकीनं गाठ आवळली, घडीत सरकवली, आणि सुई त्याच्या बोटांच्या मधोमध परत दिली.