जाण्यायेण्याचं भाडं

तिसऱ्या खेपेलाही कर कार्यालयातल्या कारकुनाने तिचा अर्ज परत सरकवला.

"बाई, लोक इथे कर कमी करून घ्यायला येतात. तुम्ही वाढवून मागताय."

ती शिलाईकाम करायची. नवरा वेल्डर होता. त्याला जाऊन आठ महिने झाले होते. घर ते कारखाना या बसचं भाडं कंपनी त्याला दरमहा द्यायची, पण विवरणपत्रात ते त्याने कधी दाखवलंच नव्हतं. ते आता दाखवायचं आणि होईल तो कर भरायचा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

कारकुनाने समजावून पाहिलं. रक्कम किरकोळ आहे, गेलेल्या माणसाच्या मागे कोणी लागत नाही. तिने ऐकून घेतलं आणि बाकावर जाऊन बसली. जेवणाची सुट्टी झाली, संपली, तरी ती हलली नाही. शेवटी अधिकारी बाईंनीच तिला आत बोलावलं.

त्यांनी नियम सांगितला. कामासाठी कुठे पाठवलं तर त्या खर्चावर कर नाही. पण घरून कामावर यायचे पैसे मालकाने दिले, तर तो पगारच धरतात. "मात्र तसं कंपनीने लिहून द्यायला हवं."

"मग कंपनीला विचारा," ती म्हणाली.

घरी दिराने डोक्याला हात लावला. इथे महिनाअखेर गाठताना नाकी नऊ येतात आणि वहिनी सरकारची तिजोरी भरायला निघाल्यात! सासूबाई एवढंच म्हणाल्या, की माझा लेकही असाच सरळ होता. करू दे तिला.

महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं, की ते भाडं त्याच्या पगाराचाच भाग होतं. हेच भाडं पगारखर्चात धरून कंपनीने आपला कर वाचवला होता, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. तिने गणवेश शिवून साठवलेल्या पैशांतून कर भरला आणि त्या पत्राची शिक्क्याची नक्कल मागून घेतली. अधिकारी बाई तिला दारापर्यंत सोडायला आल्या. इतकं प्रामाणिक माणूस आपण पाहिलं नाही, असं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती नुकसानभरपाईच्या दाव्यात न्यायाधीशांपुढे उभी होती. कंपनीचा वकील पुन्हा तेच सांगत होता: परांचीवरून पडून मेलेला वेल्डर ठेक्यावरचा बाहेरचा माणूस होता, कंपनीचा नोकर नव्हे.

तिने नक्कल पुढे केली.

"साहेब, तो त्यांचाच नोकर होता, असं त्यांनीच लिहून दिलंय."