रोज सत्त्याण्णव

कोरोनाच्या लाटेत आमच्या इमारतीत ऑक्सिमीटर एकच होता. सकाळी तो दोरीला बांधलेल्या टोपलीतून खिडकीखिडकीशी फिरे, आणि प्रत्येकजण आकडा सोबतच्या वहीत लिही. वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांचा आकडा नऊ दिवस सत्त्याण्णवच होता. इतरांचे आकडे एकदोनने हलत. काकांचाच का नाही? त्यांचा खोकला मला ऐकू येई, पण दवाखान्याचं नाव काढलं की ते विषय बदलत. आज टोपली वर जाताच मी त्यांच्या बंद दाराशी गेले. “काका, यंत्रात बोट घालता की नुसतंच लिहिता?” “अगं, तू काय पोलिसात लागलीस?” “घाला आता. मी थांबते.” हसणं खोकल्यात बुडालं. मग उत्तर आलं, “अठ्ठ्याऐंशी. मला नेलं तर अंथरुणाला खिळलेल्या हिचं कोणी करायचं?” “मी करेन. मला कोरोना नुकताच होऊन गेलाय.” आतून कडी निघाली. काका म्हणाले, “बोलव अँब्युलन्स.”