डाग

हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन आनंदा ठाकूर शेवटची लढत पैसे खाऊन एका नवख्या पोराशी हरला, असं करंजाड्यात तीस वर्षं बोललं जात होतं. गावातल्या प्रत्येक हळदीला पंगतीत कुणीतरी म्हणायचंच, "आनंदा विकला गेला, नायतर त्याला कोन पाडनार?" आनंदा मान खाली घालून जेवायचा. त्याने कधी उलट शब्द काढला नाही.

आज पुतण्या परेश पेपर नाचवत आला. "काका, जुन्या लढतींची चौकशी संपली! तुमची लढत खरी होती. तुमच्यावरचा डाग गेला!"

आनंदाने तो पेपर घेतला, थकल्या हातांनी घडी केली आणि गादीखाली सारला.



"त्या पोरानं मला खरंच पाडला होता, ह्ये आता गावाला कळनार."