तीन ठिपके

सकाळपासून म्हाताऱ्याचं वागणं काही धड नव्हतं. बेचाळीस वर्षांत बायकोला एकदाही नाण्यांच्या प्रदर्शनाला नेलं नाही. "तू आलीस तर सगळी नाणी राख लावून घासशील," असं चारचौघांत म्हणायचा आणि हसायचा. आज मात्र स्वतःहून म्हणाला, "चल गं, तूही चल." वर रस्त्यात तिचा दंड धरून चालायला लागला. या वयात!

घरात सगळे ज्यांना थोरल्या बाई म्हणत आणि ज्यांच्या खाकरण्यालाही सुना दचकत, त्या बाई लाजून अर्ध्या झाल्या. घरातून निघतानाच त्यांनी आठवण करून दिली होती, "अहो, भिंग राहिलं टेबलावर." नवरा म्हणाला, "राहू दे." जे भिंग फक्त अंघोळीला बरोबर न्यायचं बाकी ठेवलं होतं, ते राहू दे!

हॉलमध्ये टेबलांच्या रांगा होत्या. काचेच्या पेट्या, वाकलेले दिवे आणि दिव्यांखाली वाकलेली माणसं. नवरा दिसताच अर्धा हॉल उठून उभा राहिला. "काका आले, काका आले." नाणं हातात कसं धरायचं ते इथल्या निम्म्या लोकांना त्यानंच शिकवलं होतं. दोन बोटांनी, फक्त कडेला. नाण्याच्या तोंडाला, म्हणजे चित्राच्या बाजूला, बोट लावायचं नाही. घामाचा डाग बसला की जन्मात जात नाही. मागे एका नामांकित डॉक्टरला त्यानं याच चुकीपायी टेबलावरून उठवलं होतं.

पहिल्या टेबलाशी त्यानं विचारलं, "काय काय मांडलंय?"

"नाणी," बाई म्हणाल्या. "दुसरं काय मांडणार, वांगी?"

"तसं नाही गं. या कोपऱ्यातल्यावर घोडा आहे की बैल?"

बाईंनी सांगितलं. पुढच्या टेबलाशी तेच. चिठ्ठीवर साल काय लिहिलंय? बाई दुसरीतून शाळा सोडलेल्या. आकडे वाचता येत, पण सावकाश. त्या एकेक आकडा उच्चारत राहिल्या आणि मागचा कुणी तरी खुदकन हसला. बाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

"माझी परीक्षा घेताय? लोकांसमोर?"

"नाही गं. आपलं सहज."

सहज! या माणसानं आयुष्यात कधी चहासुद्धा सहज प्यायला नव्हता. बाईंना काही कळेना. म्हातारचळ म्हणावा, तर बोलणं शुद्धीतलं. चेष्टा म्हणावी, तर तोंड गंभीर.

शेवटच्या टेबलावरचा व्यापारी त्यांची वाटच पाहत होता. नवऱ्याच्या कपाटातल्या एका खणात बारा खोबणी होत्या आणि एक तीस वर्षं रिकामी होती. तिच्यात बसणारं नाणं व्यापाऱ्याला सापडलं होतं.

"काका, अस्सल की बनावट, ते तुम्ही सांगायचं. तुमचा शब्द तो शेवटचा."

भोवती माणसं गोळा झाली. नवऱ्यानं नाणं उचललं. कडेनंच उचललं. दिव्याखाली धरलं, फिरवलं. मग त्याचा अंगठा हळूच पुढे सरकला आणि नाण्याच्या तोंडावर आडवा टेकला. टेकला तो हलेना. मग झोपलेल्या पोराच्या गालावरून फिरवावा, तसा फिरू लागला.

एकदम शांतता पसरली. व्यापाऱ्याचा जबडा उघडाच राहिला. बाई गोंधळून एकेकाकडे बघू लागल्या. काय झालं? थोबाडीत बसल्यासारखे का उभे आहेत हे? मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याची नजर नाण्यावर नव्हती. ती व्यापाऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे कोऱ्या भिंतीला लागली होती.

बाई सरकून त्याच्या कोपराला चिकटल्या.

"माझा धक्का लागला हो त्यांच्या कोपराला," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "चुकलं माझं."

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. मागून कुणी तरी पुटपुटलं, "बायकांना आणतात कशाला इथे!" बाईंनी तेही गिळलं आणि नवऱ्याच्या बोटांतून नाणं काढून घेतलं. कडेनं. सुईत दोरा त्या अजून स्वतः ओवत.

"बघू तरी, एवढं काय आहे यात. घोडा आहे. मेला लंगडा दिसतोय, एक पाय वर. खाली ठिपके. तीन."

नवऱ्यानं मान झटकन वळवली. "तीनच? नीट बघ. शेपटीखाली बारीकसा चौथा?"

"नाही. मला तीनपर्यंत मोजता येतं."

मग तो व्यापाऱ्याच्या दिशेनं म्हणाला, "अस्सलावर असतो तो चौथा ठिपका यावर नाही. ठोकलेलं नाही, साच्यातून ओतलेलं आहे हे. बनावट."

व्यापाऱ्यानं घाईनं भिंग लावलं, पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "वाचवलंत काका." लोक माना डोलवत पांगले. खोबण रिकामीच राहिली. काकांचा शब्द राहिला.

बाहेर आल्यावर तो पायरीशी थबकला. पायानं कड चाचपू लागला. बाईंनी या वेळी स्वतःच त्याचा दंड धरला.

"कधीपासून?"

"वर्ष झालं. मधलं सगळं धुकं. बाजूचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणतात, आता असंच." त्यानं हॉलच्या दाराकडे मान केली. "यांना कळलं असतं, तर उद्यापासून कुणी नाणं दाखवलं नसतं मला."

"त्यांचं सोडा. मला का नाही सांगितलंत?"

बाईंनी त्याला एकेक पायरी उतरवलं, खाली सपाट जमिनीवर आणलं, आणि मग येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"माझे डोळे हवे होते, तर तोंड उघडून मागायचे होते. घरच्या माणसाचे चोरून काय वापरताय!"